‘सर्व आशीर्वादांबद्दल’ म्हणजे नेमकं कशाबद्दल?

वाचकांच्या प्रश्नांच्या या सदरात या वेळी सोलापूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून आलेली पत्रं घेतली आहेत. सगळी ख्रिस्ती वाचकांची आहेत आणि उपकारस्तुतीबद्दलची, म्हणजे देवाचे आभार मानण्याबद्दलची, आहेत. नावं छापलेली नाहीत आणि लांब पत्रं थोडी आटोपती केली आहेत.

प्रश्न : आमच्या घरी रोज रात्री कौटुंबिक उपासना होते. शेवटची प्रार्थना माझ्याकडे असते. ‘आजच्या दिवसाबद्दल, अन्नवस्त्राबद्दल, सर्व आशीर्वादांबद्दल आम्ही तुझे आभार मानतो’ हे वाक्य आपोआप तोंडातून निघतं, तेव्हा डोक्यात मात्र उद्याच्या डब्याची भाजी असते. देवाशी खोटं बोलल्यासारखं वाटतं. मन लागावं म्हणून काय करू? — एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : वाक्यात खोटं काही नाही, पण ते रिकामं झालंय आणि त्याला ‘सर्व’ हा शब्द कारणीभूत आहे. ‘सर्व’ म्हटलं की मनाला धरायला काहीच उरत नाही, मग ते डब्याच्या भाजीकडे जाणारच.

बायबलमधलं स्तोत्र १०७ उघडून बघा. उपकारस्तुतीचं इतकं नेमकं स्तोत्र दुसरं नाही. त्यात चार प्रकारची माणसं येतात : रानात वाट चुकलेले, तुरुंगात अडकलेले, आजारी आणि समुद्रावर वादळात सापडलेले. प्रत्येकाचं संकट तपशिलानं सांगितलंय. आजाऱ्याला अन्नाचा वीट आलाय, खलाशी दारुड्यासारखे झोकांड्या खात आहेत. मग ते देवाला हाक मारतात, सुटतात, आणि त्यानंतरच ‘त्यांनी उपकार मानावेत’ हे पालुपद येतं. ८, १५, २१ आणि ३१ या ओव्यांत (म्हणजे वचनांत) मिळून चार वेळा. आधी काय झालं ते नीट सांगायचं, आभार नंतर, असा त्याचा क्रम आहे. आपण तपशील वगळतो आणि थेट पालुपद म्हणतो.

आता करायचं काय ते. चाळीस पानी साधी वही घ्या. मोबाईलवर लिहू नका, कारण लिहायला म्हणून उघडला की व्हॉट्सॲप दिसतं आणि तिथेच संपलं. उपासनेच्या आधी पाच-सात मिनिटं बसा आणि आजच्या दिवसातल्या तीनच गोष्टी लिहा. प्रत्येकीत चार गोष्टी याव्यात : काय मिळालं, कधी, कोणाच्या हातून, आणि ते मिळालं नसतं तर काय झालं असतं. ‘पाण्याबद्दल आभार’ असं लिहू नका. ‘आज पाण्याचा दिवस होता, मी शाळेत अडकले, शेजारच्या मावशींनी आमचंही पिंप भरून ठेवलं, नाहीतर उद्याचं धुणं राहिलं असतं’ असं लिहा. मग तेच वाक्य प्रार्थनेत मोठ्यानं म्हणा. त्यात मन लागतं की नाही हे वेगळं तपासावं लागणार नाही.

एक नियम पाळा : एकदा लिहिलेली गोष्ट त्या आठवड्यात परत लिहायची नाही. पहिले तीन दिवस सोपे जातात, कारण घर, मुलं, तब्येत हे ठरलेलं असतं. चौथ्या दिवशी पेन अडतं. खरा सराव तिथून सुरू होतो, कारण मग दिवसभर डोळे उघडे ठेवावे लागतात. रविवारी सगळ्या एकवीस नोंदी वाचून त्यातली एक निवडा आणि त्या नोंदीतल्या माणसाला जाऊन सांगा. मावशींना सांगा की आज प्रार्थनेत तुमचं नाव घेतलं.

आता हे कुठे बिघडतं ते. पहिलं, उत्साहात रोज दहा-दहा गोष्टी लिहिल्या जातात. आठवडाभरात वही कपाटात जाते. तीन म्हणजे तीन. दुसरं, एखादा दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी सहा लिहून भरपाई केली जाते. भरपाई करू नका. तो हजेरीपट नाही. तिसरं सगळ्यात वाईट : ‘बरं झालं, आपलं त्यांच्यासारखं नाही झालं.’ लूक १८ मधला परूशीही (स्वतःला धार्मिक समजणारा) ‘देवा, मी तुझे आभार मानतो’ म्हणूनच सुरुवात करतो आणि पुढे जकातदाराकडे बोट दाखवतो. नोंदीत दुसऱ्या कोणाची वाईट अवस्था आली, तर ती नोंद खोडा.

आणि भावना येण्याची वाट पाहू नका. स्तोत्र १०३ चा कर्ता स्वतःच्या जिवालाच बजावतो की त्याचे उपकार विसरू नको. जीव आपणहून करत असता तर बजावावं लागलं नसतं. बजावल्यावर तो लगेच मोजायला लागतो : क्षमा, आरोग्य, मरणापासून सोडवणूक, दयेचा मुकुट, तृप्ती. कॅथलिक परंपरेत इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाचा आढावा घ्यायची जी पद्धत घालून दिली, तिच्यातही पहिली पायरी मिळालेल्या उपकारांबद्दल आभार ही आहे. पापं आठवण्याची पायरी त्यानंतर येते. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं.

भाषेचंही बघा. ‘हे परमदयाळू, कनवाळू स्वर्गीय पित्या’ ही भाषा मंदिरात शोभते, पण घरी बोलताना तिच्यामागे लपायला फार जागा असते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्ह. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची स्तुती अभंग-ओवीत आणली, ती मराठी माणसाच्या जिभेवर सहज बसावी म्हणूनच. तुमच्या घरात मराठीत अर्धं कानडी किंवा तेलुगू मिसळत असेल तर तसंच बोला. ज्या भाषेत भाजीवालीशी घासाघीस करता, त्या भाषेत मन लवकर जागं होतं.

एक सावधगिरी : दोन-तीन आठवडे कशातच रस वाटत नाही, झोप नाही, भूक नाही, असं असेल तर तो कृतज्ञतेचा प्रश्न नाही. डॉक्टरांना दाखवा. वही थांबली तरी चालेल.

प्रश्न : मी यंत्रमागावर टॉवेलच्या कामाला होतो. कारखाना बंद झाला, पाच महिने झाले. मंडळीतले (चर्चमधले) लोक भेटले की ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे वचन सांगतात. काम गेल्याबद्दल देवाचे आभार मानायचे का? नाही मानले तर माझा विश्वास कमी आहे का? — एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : नाही. काम गेल्याबद्दल आभार मानायला तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

हे वचन प्रेषित पौलाच्या पत्रातलं आहे : १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ मध्ये ‘सर्व स्थितीत’ आहे. मूळ ग्रीक शब्दही ‘मध्ये’ याच अर्थाचा आहे. स्थिती कशीही असो, तिच्यात असताना देवाशी बोलणं तुटू देऊ नका, इतकं पौल सांगतो. जाणकार वाचक म्हणतील, इफिसकरांस ५:२० मध्ये तर ‘सर्व गोष्टींबद्दल’ असंच म्हटलंय. खरं आहे, आणि तिथे शब्दही वेगळाच वापरलाय. पण त्याच अध्यायात नऊ ओव्या आधी अंधाराच्या कामांत भागी होऊ नका असं बजावलंय. तेव्हा ‘सर्व’ मध्ये वाईटाचं कौतुक बसत नाही. योसेफानं त्याला विकून टाकणाऱ्या भावांना माफ केलं, तेव्हाही ‘तुम्ही माझं वाईट योजलं होतं’ हे स्पष्ट म्हटलं (उत्पत्ती ५०:२०). देवानं त्यातून चांगलं केलं म्हणून वाईटाला चांगलं म्हणायची वेळ त्याच्यावर आली नाही.

योहान ११ वाचा. मित्र लाजार मेल्यावर त्याच्या कबरेजवळ येशू ३५ व्या ओवीत रडतो आणि ४१ व्या ओवीत पित्याचे आभार मानतो. मध्ये फक्त पाच ओव्या. रडणं आणि आभार एकाच तोंडून, एकाच कबरेपाशी. आधी रडू आवरून मग आभार मानायचे, असं तो करत नाही.

तुमच्यासाठी स्तोत्र १३ चा साचा सुचवतो. सहाच ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत ‘कुठवर?’ असा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोनांत मागणी. शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. प्रार्थना याच क्रमानं करा.

आधी तक्रार, आकड्यांसकट : पाच महिने, दुकानदाराची उधारी, मुलीची फी, मालकाकडे अडकलेला हिशेब. त्यानंतर एकच मागणी, या आठवड्यापुरती. शेवटी एक उपकार, आणि तोही आजचाच. दुकानदारानं आज ज्वारी द्यायला नाही म्हटलं नाही, एवढासा असला तरी पुरे. तिसऱ्या भागावर उडी मारून जाऊ नका. तक्रार दाबून ठेवली की आभाराला करपट वास लागतो. आणि एखाद्या रात्री तिसरा भाग आलाच नाही, तरी पवित्र शास्त्रात त्यालाही जागा आहे : स्तोत्र ८८ अंधारातच संपतं.

हबक्कूकच्या शेवटी (३:१७-१८) संदेष्टा तर नुकसानीची यादीच देतो. अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेत, मेंढवाडा, गोठा, असं एकेक करून सहा. ‘कठीण दिवस आहेत’ असं म्हणून तो सोडून देत नाही. ही यादी पुरी झाल्यावरच त्याचा ‘तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन’ येतो.

मंडळीतल्या ज्यांना हे वचन सांगायची घाई असते त्यांच्यासाठी : सगळं गमावलेल्या ईयोबाला भेटायला आलेले मित्र पहिले सात दिवस नुसते बसून राहिले, तोवर त्यांचं काही चुकलं नाही. बोलायला लागले आणि बिघडलं. पाच महिने काम नसलेल्या घरी जाताना वचनाआधी पाच किलो ज्वारी न्या, एखादी कामाची ओळख न्या. २ करिंथकरांस ९:१२ मध्ये पौल सांगतो की पवित्र जनांची गरज भागवली की त्यातून पुष्कळ लोकांची उपकारस्तुती देवाकडे जाते. समोरच्यानं आभार मानावेत असं वाटत असेल, तर त्याला कारण द्या.

प्रश्न : मुलाला नोकरी लागावी म्हणून मी प्रार्थनेत म्हटलं होतं की पहिला पगार देवाला देईन. नोकरी लागली. पगार बावीस हजार, पण शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता याच महिन्यापासून आहे. मुलगा तोंडानं काही बोलत नाही, पण त्याचा चेहरा उतरलाय. शिवाय नातेवाईक म्हणतात, घरी मोठी आभारप्रदर्शनाची उपासना ठेवा. काय करावं? — एक आई, मोदी परिसर

उत्तर : ताई, आधी एक साधी गोष्ट : बोललात तुम्ही, पगार मुलाचा आहे. तुमच्या शब्दानं तुम्ही बांधल्या गेलात, तो नाही. त्याच्यासमोर बसून ‘मी तुला न विचारता बोलले’ असं स्वच्छ सांगा. तो राजीखुशीनं काही देईल तर घ्या. २ करिंथकरांस ९:७ प्रमाणे नाराजीनं किंवा भिडेनं दिलेलं दान देवाला नको आहे.

तुमच्या वाट्याचं वचन मात्र पाळा. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (२३:२१-२३) नियम असा आहे की बोललात तर पुरं करा, आणि बोलला नाहीत तर काही पाप नाही. स्वतःच्या मिळकतीतून जेवढं जमेल तेवढं ठरवा, पाळकसाहेबांच्या कानावर घाला, आणि दरमहा पाकिटातून भरून पुरं करा. कर्ज काढून किंवा बँकेचा हप्ता चुकवून देऊ नका. मार्क ७ मध्ये आईबापाचा वाटा ‘हे देवाला अर्पण’ म्हणून अडवून ठेवणाऱ्यांना येशूनं फटकारलंय. दुसऱ्याचं देणं बुडवून दिलेलं अर्पण त्याच जातीचं आहे.

पण मूळ अडचण पैशाची नाही. नवस फेडणं, उपकाराची फेड करणं, हे शब्द आपल्या भाषेतच इतके मुरलेत की उपकार म्हटलं की पाठोपाठ फेड येतेच. फेड झाली की हिशेब मिटला, माणूस मोकळा. देवाशी असं मोकळं व्हायचं नसतं. स्तोत्र ११६ मध्ये हाच प्रश्न येतो : परमेश्वराच्या एवढ्या उपकारांचा मी कसा उतराई होऊ? उत्तर मोठं विलक्षण आहे. ‘मी तारणाचा प्याला हाती घेईन’, म्हणजे तो आणखी घेतो! मागचं फेडायच्या आधीच पुढचा प्याला उचलतो आणि परमेश्वराचं नाव घेतो. नवस फेडण्याची गोष्ट त्यानंतर येते, सर्व लोकांच्या देखत.

आता घरची उपासना. जरूर ठेवा, पण ‘मोठी’ नको. लेवीय ७:१५ मध्ये उपकारस्तुतीच्या अर्पणाचं मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही, असा नियम आहे. नवसाच्या अर्पणाला दुसऱ्या दिवसापर्यंत मुभा होती, याला नाही. अख्खं जनावर एका घरानं एका दिवसात कसं संपवावं? म्हणजे लोकांना बोलावणं आलंच. तुम्हीही जेवण त्याच दिवशी संपेल एवढंच करा, आणि लूक १४:१२-१४ प्रमाणे परत जेवायला बोलावू शकणार नाहीत अशांना आधी सांगा. पंचवीस माणसांना भाकरी, आमटी, भात, शेंगाचटणी आणि एक गोड पदार्थ भरपूर होतो. मांडव, केटरर, फ्लेक्स यातलं काहीही लागत नाही.

पाऊण तासाचा क्रम असा बसतो : दोन गाणी दहा मिनिटं; स्तोत्र ११६ दोघांनी आळीपाळीनं वाचायचं, चार मिनिटं; काय घडलं ते मुलानं स्वतः सांगायचं, पाच मिनिटं; छोटा संदेश, दहा मिनिटं; मग तीन जणांच्या एकेका मिनिटाच्या प्रार्थना, अर्पण, शेवटचं गाणं आणि आशीर्वाद. बिघडतं ते दोन ठिकाणी. संदेश चाळीस मिनिटांवर जातो आणि मुलं झोपतात. पाळकसाहेबांना वेळ आधीच नम्रपणे सांगा, त्यांना राग येत नाही. आणि साक्षीचा बायोडाटा होतो : टक्केवारी, कंपनी, पॅकेज. मुलाला सांगा, किती ठिकाणी नकार आला, तेव्हा कोणी जेवू घातलं, फॉर्मला पैसे कोणी दिले, ते सांग. पगाराचा आकडा सांगू नको. खोलीत बसलेल्या एखाद्याच्या मुलाला अजून नोकरी लागलेली नसते.

प्रश्न : मुलं जेवणाआधीची प्रार्थना चार सेकंदांत उरकतात. काय करावं? — होटगी रोड

उत्तर : प्रार्थना जेवणानंतर घेऊन बघा. अनुवाद ८:१० मध्ये ‘तू खाऊन तृप्त होशील तेव्हा’ परमेश्वराचा धन्यवाद कर, असंच आहे. भूक लागलेल्या मुलाकडून लांब प्रार्थनेची अपेक्षा ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आधी एक ओळ, जेवल्यावर एक प्रश्न : आज ताटात जे होतं त्याला किती हात लागले? ज्वारी पेरणारा, खुडणारी, गिरणीवाला, भाकरी थापणारी आजी. त्यातल्या एकासाठी मुलानं प्रार्थना करायची. दहा वर्षांच्या आतल्या मुलाला एका वेळी एकच माणूस पुरे.

प्रश्न : आमची मंडळी शहरातली. हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी, सगळे बाजारातून भोपळा आणि केळी विकत आणतात, मग लिलाव होतो. त्यात बोली लावणारे ठरलेले चार जण, बाकीचे बघे. यात काही अर्थ उरलाय का? — मंडळीच्या कमिटीचे एक सभासद

उत्तर : सणात अर्थ आहे, तुमच्या पद्धतीत कमी उरलाय.

तारखेपासून बघा. आपल्या जिल्ह्याचं मुख्य धान्य रब्बी ज्वारी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरायची, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची. सण दिवाळीच्या सुमारास ठेवला तर मंगळवेढ्याच्या रानात ज्वारी अजून वाढत असते. तेव्हा सोयाबीन, उडीद आलेले असतात, तुरीला अजून अवकाश असतो. कमिटीनं एखाद्या वर्षी मार्चच्या सुरुवातीचा रविवार घेऊन बघावा. लेंट (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ) सुरू असेल तर फुलांची सजावट कमी ठेवा. धान्याला हरकत नाही.

मग टोपली. अनुवाद २६ मध्ये प्रथमफळाची टोपली नुसती ठेवायची नसते, ती देताना बोलायचं असतं. काय बोलायचं तेही दिलंय : आमचा पूर्वज भटका अरामी होता, मिसरात गेला, गुलामी, सुटका, हा देश, आणि आता हे पाहा, तू दिलेल्या जमिनीचं पहिलं फळ. आधी सगळा इतिहास, टोपली त्याच्या शेवटी. तुमच्या मंडळीत शेती नसेल, पण कामं आहेत. शिवणकाम करणारीनं एक झबलं आणावं, यंत्रमागावरच्यानं टॉवेल, विद्यार्थ्यानं उत्तीर्ण झालेल्या वर्गाची पुस्तकं, निवृत्त माणसानं कुंडीतला कढीपत्ता. प्रत्येक घरानं वेदीपाशी दोन वाक्यं बोलावीत : हे कुठून आलं आणि ते येईपर्यंत काय काय झालं. चाळीस घरं, प्रत्येकी अर्धा मिनिट धरलं तर वीस मिनिटं होतात. त्या दिवशी संदेश आखडता घ्या, हाच संदेश आहे.

लिलाव पूर्ण बंद करा असं आमचं म्हणणं नाही. त्यातली गंमत आणि निधी दोन्ही मंडळीला लागतात. पण भोपळा पाच हजारांना गेला की टाळ्या कोणाला मिळतात ते बघा. निम्म्या वस्तू ठरलेल्या किमतीत, दहा-वीस-पन्नास रुपयांना विकायला ठेवा, म्हणजे बघ्यांच्याही हातात पिशवी येईल. धान्य लिलावात काढूच नका. अनुवादच्या त्याच २६ व्या अध्यायात लेवी (जमीन नसलेला, मंदिराची सेवा करणारा) आणि परका यांनीही तुझ्याबरोबर आनंद करावा असं म्हटलंय. ते धान्य त्याच संध्याकाळी गरजू घरी पोचवा. कोणाच्या घरी किती हे तीन जणांखेरीज कोणाला कळू नये.

प्रश्न : ऑपरेशन यशस्वी झालं. आभार डॉक्टरांचे मानू की देवाचे? घरात यावरून वाद झालाय. — बाळे

उत्तर : दोघांचेही माना, पण वेगवेगळ्या शब्दांत. पौल फिलिप्पैकरांना लिहितो की तुमची आठवण झाली की मी माझ्या देवाचे आभार मानतो. म्हणजे आभार देवाचे मानतो आणि तसं माणसांना कळवतोही. लूक १७ मधल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी परत आला तो एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका, आणि मोठ्यानं बोलत आला. डॉक्टरांना दोन ओळींचं पत्र लिहा, आणि रात्रपाळीच्या सिस्टरांना व वॉर्डातल्या मावशींना विसरू नका. त्यांची नावं माहीत नसतील तर डिस्चार्जच्या आधी विचारून घ्या. नंतर ती मिळत नाहीत.